वेकुआ, आंद्रो

वेकुआ, आंद्रो : (१९७७ – ). समकालीन जॉर्जियन चित्रकार, शिल्पकार व चित्रपटकार. जन्म काळ्या समुद्रकाठच्या अबखाझिया प्रदेशातील सुखुमी येथे. १९९२-९३ च्या अबखाझिया युद्धात तेथील बहुसंख्य जॉर्जियन लोक विस्थापित झाले. वेकुआंचे कुटुंबही सुखुमीबाहेर पडले. पुढे त्यांनी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे कलाशिक्षण घेतले. बर्लिन ही त्यांची कर्मभूमी.

तैलरंग, चिकटचित्र (कोलाज), मेण, मृत्तिका, धातू आणि चित्रफीत ही माध्यमे ते एकाच वेळी हाताळतात. किशोरवयीन, चेहरा हरवलेल्या किंवा पाठमोऱ्या आकृती त्यांच्या कलाकृतींत वारंवार दिसतात. ‘पिंक वेव्ह हंटर’ (२०१०-११) ही त्यांची विशेष उल्लेखनीय निर्मिती. तीत सुखुमीतील इमारतींच्या लहान प्रतिकृती आहेत. बालपणीच्या आठवणी आणि मिळालेली छायाचित्रे यांवरून त्या घडवल्या असून, जो भाग आठवला नाही वा छायाचित्रांत सापडला नाही, तेथे दारे-खिडक्यांविना कोऱ्या भिंती ठेवल्या आहेत. विस्मृतीलाच रचनेचा घटक करणारा हा प्रामाणिकपणा प्रेक्षकाला खोलवर भिडतो. जर्मनीतील कासेल येथील फ्रिडेरिसियानुम कलादालनात २०११ मध्ये ही मालिका प्रदर्शित झाली. सोव्हिएतोत्तर जॉर्जियन कलेत विस्थापनाचा अनुभव इतक्या संयमाने मांडणारे कलावंत मोजकेच आहेत.