बिब्बा, डाय आणि गोंदलेली भुवई

केस काळे करायचा डाय आपण घरी आणतो, पण त्या खोक्याची मागची बाजू किती जण वाचतात? मी वाचते. छापलेलं काहीही वाचायची जुनी खोड, दुसरं काय! त्या मुंगीएवढ्या अक्षरांत दोन सूचना हमखास सापडतात. पहिली, वापरण्याआधी थोडा डाय कातडीला लावून पाहा. दुसरी, हा डाय पापण्यांना किंवा भुवयांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते. ज्या डायमध्ये पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन नावाचं रसायन असतं, त्यावर ही सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापणं आपल्याकडे नियमाने सक्तीचं आहे.

आता डाय डोक्याच्या केसांचा. मग त्यावर भुवयांचं नाव कशाला? सरकारी नियमांत असं नेमकं काही आलं की समजावं, हे कुणाच्या डोक्यातून आलेलं नाही, कुणाच्या तरी अंगावरून आलेलं आहे.

हा इतिहास आज सांगण्याला कारण आहे. पणजी, म्हापसा, मडगावला पार्लरांच्या दारांवर आता मायक्रोब्लेडिंग, परमनंट आयब्रो असे फलक दिसतात. भुवई गोंदून घ्यायची, मग रोज सकाळी पेन्सिल नको. ज्यांची कातडी नाजूक, पेन्सिलीनेसुद्धा ज्यांना खाज सुटते, त्यांनाच याचा मोह अधिक. आणि केवळ हौसेची गोष्ट नाही ही. केमोथेरपीत भुवया गेलेल्या, चाई लागून गेलेल्या बायका आरशात स्वतःचाच चेहरा शोधत असतात. त्यांना 'कशाला हवी ही थेरं' म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. प्रश्न एवढाच, की नाजूक कातडीला हे सोसेल का. मी डॉक्टर नाही. पण या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इतिहासात पडलेलं आहे, आणि त्याचा एक तुकडा तर आपल्या परसात.

बिब्बा उतणे हा मराठीतला जुना शब्दप्रयोग. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, अंग सुजतं, खाज सुटते. भरपूर लागलं तर ते कुणालाही भाजतं. पण काही माणसं अशी, की नुसता ओझरता स्पर्श पुरे. जुन्या बायका म्हणत, अमकीला बिब्बा उततो, तिच्या हाती देऊ नका. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या पिर्केने घडवला. आपल्या आज्यांचं निदान त्याच्या किती तरी आधीचं! बिब्बा, आंबा आणि काजू हे एकाच कुळातले. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला आणि गोव्यात तो असा रुजला की आता तो परका वाटतच नाही. पण बियांच्या सालीतलं तेल हे बिब्ब्याचंच भावंडं. मे महिन्यात परसात बिया भाजून ओठ काळे करून घेतलेली, आणि मग दोन दिवसांनी सुजलेल्या ओठांनी हिंडणारी मुलं ज्याने पाहिली नाहीत तो गोंयकार कसला? आंब्याच्या चिकाचंही तेच.

यातले 'दोन दिवस' महत्त्वाचे. ही प्रतिक्रिया लगेच येत नाही. पहिल्यांदा पदार्थ लागतो तेव्हा बहुतेक वेळा काहीच होत नाही. शरीर फक्त त्याची ओळख पटवून ठेवतं. पुढे पुन्हा गाठ पडली की एक-दोन दिवसांनी सगळं सैन्य बाहेर येतं. म्हणून 'मागच्या वेळी काही झालं नव्हतं' या वाक्याला इथे काडीची किंमत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांना हा अनुभव फुकट मिळाला. कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून धोबी बिब्ब्याच्या रसाने कॉलरवर खूण करायचा, आणि साहेबाच्या मानेवर नेमका खुणेएवढा चट्टा उठायचा. अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी १९४३ साली यावर लेख लिहिला तेव्हा त्या विकाराच्या नावातच धोबी घातला. बिचाऱ्या धोब्याचा काय दोष!

आता गोंदणाकडे. आपल्याकडे कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदण ही परंपराच होती. गोव्यात कुणबी-गावडा समाजातल्या वृद्ध बायकांच्या अंगावर ती नक्षी अगदी अलीकडेपर्यंत दिसायची. मेल्यावर सोबत येणारा आणि चोराला नेता न येणारा एवढा एकच दागिना, ही त्यामागची समजूत. रंग म्हणजे मुख्यतः दिव्याची काजळी. आणि काजळी, म्हणजे निव्वळ कार्बन, कातडीला क्वचितच उततो. आपल्या बायका त्या बाबतीत नशीबवान. पण जुनं ते सोनं म्हणून टाळ्या पिटायचं कारण नाही. एकच सुई दहा जणींच्या अंगात जायची. छत्तीसगडमधल्या एका त्वचारोगतज्ज्ञाने २००२ साली ३१ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. रस्त्यावर गोंदून घेतलेल्या या लोकांना बरोबर गोंदणाच्या रेघांवर कुष्ठाचे चट्टे उमटले होते. म्हणजे रंग निर्मळ, सुई घाण. आज पार्लरमध्ये उलटं आहे. सुई पाकीट फोडून तुमच्यासमोर काढतात. रंगाचं काय, हे मात्र कुणी विचारत नाही.

पाश्चात्त्यांकडे गोंदण खलाशांकडून शहरांत आलं. एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून सॅम्युएल ओरायली याने न्यूयॉर्कमध्ये १८९१ साली गोंदणयंत्राचं पेटंट घेतलं आणि काम झपाट्याने होऊ लागलं. लंडनच्या सदर्लंड मॅकडोनाल्डने विसाव्या शतकाच्या आरंभी बायकांच्या गालांवर कायमची गुलाबी छटा गोंदायला घेतली. पुढे जॉर्ज बर्चेट या प्रसिद्ध गोंदणाऱ्याने आठवणींत लिहून ठेवलं की काही सौंदर्यगृहांत बायकांना हे गोंदण आहे असं सांगतच नसत. वनस्पतिजन्य रंगाचा कांतीवरचा उपचार, एवढंच सांगत. 'परमनंट', 'सेमी-परमनंट' या आजच्या गोड नावांची परंपरा अशी जुनी आहे. सुईने रंग कातडीच्या आत घातला की ते गोंदणच. मायक्रोब्लेडिंगमध्ये यंत्राऐवजी सुयांची बारीक पात हातात असते, इतकाच फरक.

तांबडा रंग तेव्हा हिंगुळाचा असे. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. काळ्या रेघा शांत राहायच्या आणि त्याच चित्रातल्या तांबड्या तेवढ्या सुजायच्या, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. टोचण्याचा हा दोष असता तर सगळंच चित्र सुजलं असतं. तेव्हा दोष रंगाचा. याच काळात ब्रेस्लाऊ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्ह्रोत्सवाफमध्ये, दोन गोष्टी घडल्या. १८७२ साली हाइनरिश क्योब्नर याने सोरायसिसचा एक रोगी दाखवला. जिथे जिथे कातडी दुखावली होती, घोडा चावला होता, गोंदलं होतं, तिथे तिथे त्याचा रोग उठला होता. सोरायसिस, कोड असे विकार इजेच्या जागी उमटतात याला आजही क्योब्नरचं नाव आहे. आणि योझेफ याडासोन याने १८९५ साली संशयित पदार्थ कातडीवर चिकटवून ठेवून प्रतिक्रिया पाहायची पद्धत मांडली. त्याचा पदार्थ होता पारा! आजची पॅच टेस्ट ती हीच.

म्हणजे ज्ञान होतं. तरीही १९३३ साल उजाडलं.

अमेरिकेत तेव्हा लॅश-लूर नावाचा पापण्या-भुवया रंगवायचा डाय पार्लरांत वापरत. ओहायोतल्या डेटन शहरातल्या एका बाईने समारंभाला जायचं म्हणून तो लावून घेतला. डोळे चुरचुरू लागले, सुजले, आणि काही दिवसांत दृष्टी गेली ती कायमची. डायमध्ये होतं पीपीडी. अशा डझनाहून अधिक बायका आंधळ्या झाल्या, एक दगावली. आणि सरकारला तो माल दुकानातून उचलताही येईना, कारण १९०६ च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेशच नव्हता. तेव्हा अन्न-औषध खात्याने एक प्रदर्शन मांडलं. त्यात त्या बाईचे दोन फोटो लावले, आधीचा आणि नंतरचा. वर्तमानपत्रांनी प्रदर्शनाला भयालय म्हटलं. कायदा व्हायला तरीही पाच वर्षं गेली; १९३७ मध्ये एका विषारी औषधाने शंभरावर माणसं मेली, तेव्हा १९३८ साली तो मंजूर झाला. नव्या कायद्याखाली सर्वांत आधी जप्त झालेला माल लॅश-लूर.

पण व्यापारी मंडळी गप्प बसतात थोडीच! केसांचे कोळसाजन्य डाय त्याच कायद्यातून सुटले, फक्त अट अशी की आधी लावून पाहण्याची सूचना छापा आणि भुवया-पापण्यांना लावू नका असं बजावा. तेच वाक्य फिरत फिरत आपल्या नियमांत आलं. आपला १९४० चा मूळ कायदा केवळ औषधांचा; सौंदर्यप्रसाधनं त्यात १९६२ च्या दुरुस्तीने आली. आपल्या न्हाणीघरातल्या त्या खोक्यावर, तेही मराठीत, डेटनच्या त्या बाईचे डोळे आहेत.

गंमत अशी की हा इशारा डायच्या खोक्यापुरता आहे. किनाऱ्यावर पर्यटकांच्या दंडावर काढतात त्या काळ्या मेंदीत पीपीडी मिसळलेलं असतं, तिथे कसलं खोकं आणि कसला इशारा? अशी मेंदी एकदा 'उतली' की ते शरीर जन्मभर पीपीडी ओळखून असतं. तोच माणूस वीस वर्षांनी डाय लावतो आणि डोळे मिटतील इतका सुजतो. शिवाय बेंझोकेन हे बधिरतेचं औषध पीपीडीचं नातेवाईक आहे. भुवई गोंदण्याआधी दुखू नये म्हणून मलम लावतात, त्यात ते असलं तर रंग आत जाण्याआधीच गडबड! नंतर लावायच्या मलमातलं नियोमायसिनही पुष्कळांना उततं. म्हणून कुठलीही गोष्ट कधी उतली असेल तर ती आठवून सांगावी: काळी मेंदी, डाय, निकेलची कर्णफुलं. टिकलीच्या गोंदामुळे कपाळावर पांढरा डाग पडला असेल तर तोही. कोड असलेल्यांनी, खापरासारखे उंच वण येणाऱ्यांनी क्योब्नर आठवावा.

गोंदलेल्या भुवयांचं आजचं पर्व १९८० च्या दशकातलं. १९८४ च्या सुमारास अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांनी पापणीच्या कडेला रंग भरायची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, आणि डॉक्टरांकडून ती पार्लरांत उतरायला वेळ लागला नाही. २००३-०४ मध्ये तिथल्याच एका कंपनीच्या परमनंट मेकअपच्या रंगांविषयी तक्रारी येऊ लागल्या. सूज, भेगा, गाठी, व्रण. पुढे त्या दीडशेवर गेल्या. कातडीत टोचण्यासाठी म्हणून त्या खात्याने एकाही रंगाला मंजुरी दिलेली नाही, हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. युरोपने मात्र जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या आणि परमनंट मेकअपच्या रंगांतल्या चार हजारांहून अधिक रसायनांवर बंधनं घातली.

भुवईच्या रंगांत आज बहुधा लोहाची ऑक्साइडं, कार्बन, टायटेनियम डायऑक्साइड आणि काही सेंद्रिय रंग असतात. लोह आणि कार्बन पुष्कळांना सोसतात. कटकट बहुतेक वेळा तांबड्या-पिवळ्या सेंद्रिय रंगांची, आणि तपकिरी भुवईतही तांबडं मिसळलेलं असू शकतं. पार्लरवाली कानामागे ठिपका लावून 'दोन दिवस बघा' म्हणते तेव्हा ती याडासोनचीच वाट चालते, आणि तो ठिपका लावून घ्यावाच. पण तो निर्वेध गेला म्हणजे परवाना मिळाला असं नव्हे. गोंदणाची ॲलर्जी महिन्यांनी, कधी वर्षांनीही येते, आणि ती आलेल्यांच्या कातडीवर बाहेरून लावलेली चाचणी कैक वेळा कोरी निघते. रंग आत राहून बदलतो, तुटतो, त्यातून काही नवीनच तयार होतं असं त्याचं कारण तज्ज्ञ देतात. कधी गोंदलेल्या भुवईत उठलेल्या गाठी सार्कोइडोसिस नावाच्या आतल्या रोगाची पहिली खूण ठरतात.

बिब्बा उतला तर तो धुता येतो, डाय टाकता येतो. भुवईतला रंग कुठे टाकणार? लेझर आहे, पण टायटेनियम किंवा लोहाचे रंग लेझरखाली उलट काळे पडू शकतात, आणि ॲलर्जी असलेल्या रंगावर लेझर मारला तर तुटलेले कण अंगभर पसरून सगळीकडे पुरळ उठल्याची उदाहरणं आहेत. म्हणून नाजूक कातडीच्या बाईने पार्लरमध्ये भुवयांचे नमुने बघण्याआधी रंगाची बाटली मागावी. तिच्यावर घटकांची यादी असेल तर फोटो काढून आपल्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा. यादीच नसेल, किंवा 'सगळं नॅचरल आहे हो' असं उत्तर आलं, तर उठून घरी यावं. बिब्बाही नॅचरलच असतो.