शरणपूरची आफ्रिकी लेकरे

रविवारच्या मिस्सेला आमच्या नवी मुंबईतील धर्मग्रामात शिक्षणासाठी आलेले काही आफ्रिकी तरुण येतात. ते बहुधा मागच्या बाकांवर बसतात. मिस्सा संपल्यावर आपण त्यांच्याकडे पाहून हसतो. पण त्यांचे नाव सहसा कोणी विचारीत नाही. अशा वेळी मला नाशिकजवळच्या शरणपूरची आठवण होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने तेथे ख्रिस्ती वसाहत उभारली. शरणपूर म्हणजे आश्रयाचे गाव. पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकायला नेलेली मुले ब्रिटिश आरमार समुद्रात सोडवी आणि मुंबईला आणी. त्यांतील अनेकांना शरणपूरच्या ‘आफ्रिकन असायलम’मध्ये आसरा मिळाला. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली ती लिहायला-वाचायला, इंग्रजी बोलायला आणि सुतारकी-लोहारकीसारखे कसब करायला शिकली.

आश्रय खरा होता, माया खरी होती. परंतु बाप्तिस्म्यासमवेत त्यांना इंग्रजी नावे मिळाली आणि आईबापांनी दिलेली नावे मागे पडली. चेंग्विंबे हा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. त्याच्याच याओ जमातीतला एक मुलगा जेकब वेनराइट झाला.

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासात हे दोघेही होते. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात निधन पावले. त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरण्यात आले. जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला. मग सुसी व चुमा यांच्या पुढाकाराने त्या निष्ठावंतांनी कित्येक महिने पायपीट करून त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हा शवपेटिकेसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब होता. शरणपूरच्या शाळेचा तो केवढा गौरव!

पण गौरव म्हणजे आपलेपणा नव्हे. १८७४ मध्ये प्राइस यांची रवानगी मोंबासाला झाली आणि पुढील वर्षी तेथे मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाऊन ही वसाहत वसली. तिच्या कामासाठी नाशिकच्या विद्यार्थ्यांना आफ्रिकेत बोलावले गेले. ते मायभूमीला परतले खरे, पण तेथे त्यांचे नाव पडले ‘बॉम्बे आफ्रिकन्स’! नाशिकला ते आफ्रिकी होते, आफ्रिकेत मुंबईकर ठरले. इंग्रजी शिकलेल्या या माणसांनी बरोबरीची वागणूक मागितली, तेव्हा गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडाले. शाळेने त्यांना दुय्यम जागी समाधान मानायला शिकवले नव्हते. मात्र बरोबरीची जागा द्यायला त्यांचे गुरुबंधू तयार नव्हते.

तरीही त्यांनी कडवटपणा जोपासला नाही. शरणपूरचेच विद्यार्थी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर यांना १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांच्या हस्ते डीकनपदाची दीक्षा मिळाली. मोंबासाजवळच्या राबाई येथील मिशनमध्ये जोन्स यांच्या काळात मालकांकडून पळून आलेल्या असंख्य गुलामांना आसरा मिळाला. अखेर १ जानेवारी १८८९ रोजी मालकांना भरपाई देऊन सुमारे १,४०० जणांना मुक्ततेचे दाखले देण्यात आले. एकेकाळी शरणपुरात शरण आलेल्याने राबाईत दुसरे शरणपूर उभे केले!

आपल्या कॅथोलिक परंपरेतही अशीच एक लेक आहे. सुदानची संत जोसेफिन बखिता. २००० साली तिला संतपद मिळाले. गुलामगिरीच्या यातनांत ती आपले मूळ नावच विसरली होती. ‘बखिता’ हे नाव तिला पळवून नेणाऱ्यांनी दिलेले.

आश्रय छपराने देता येतो. आपलेपणा मात्र नावाने हाक मारल्यावाचून आणि शेजारी जागा दिल्यावाचून देता येत नाही. परक्याचे स्वागत कसे केले, हा प्रश्न प्रभू आपल्याला शेवटच्या दिवशी विचारणारच आहे. तोवर येत्या रविवारी मागच्या बाकापर्यंत चालत जाऊन निदान नाव तरी विचारू या.