एकच भाव

घासाघीस करता येणे हे चातुर्याचे लक्षण समजले जाते. परंतु ज्याला ती करता येत नाही त्याचे काय? लहान मूल, परगावचा वाटसरू, निरक्षर म्हातारी यांनी कोणता भाव द्यावा? किमतीच्या इतिहासाकडे आम्ही याच प्रश्नाच्या अंगाने पाहू इच्छितो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा स्वतंत्र विचार केला. ज्या दडलेल्या दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल, तो विकणाऱ्याने उघड केलाच पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथीय व्यापाऱ्यांनी हाच विचार भावालाही लागू केला. मनात एक आकडा आणि ओठांवर दुसरा, हे त्यांना असत्य वाटे. म्हणून ते पहिल्याच शब्दात अखेरचा भाव सांगत. आरंभी गिऱ्हाइके तुटली. पुढे लोकांच्या ध्यानात आले की, या दुकानांत मुलाला धाडले तरी ते नाडले जात नाही. मग गिऱ्हाईक आपोआप वाढले. पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी आपल्या रोजनिशीत ही हकिकत नमूद केली आहे.

आपल्या देशात १९७७ च्या नियमांनी वेष्टित मालावर किंमत छापणे आले. मात्र 'स्थानिक कर वेगळे' असे छापण्याची मुभा त्यांत होती. या तीन शब्दांच्या आडून दुकानदार मनास येईल तेवढी भर घालू शके. कर नेमका किती, हे गिऱ्हाइकाला कोठून ठाऊक असणार? १९९० च्या दुरुस्तीने ही फट बुजवली आणि सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक झाले.

वेष्टनावरून हुसकलेली लबाडी पुढे बिलात शिरली. तिकीट वा खोली घेताना प्रथम स्वस्त दर दिसतो आणि पैसे भरतेवेळी नाना आकार उगवतात. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन व्यवहारांतील १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. किंमत अशी थेंबाथेंबाने वाढवणे ही त्यांतलीच एक. उपाहारगृहांनी बिलात सेवा शुल्क आपोआप लावू नये, असे या प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावले होते. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले.

कायदा हवाच. परंतु क्वेकर दुकानदारांपाशी असा कायदा नव्हता, तरी त्यांनी तोटा सोसून भाव उघडा ठेवला. आपल्यातही कोणी दुकान चालवतो, कोणी लग्नाचा हॉल भाड्याने देतो, कोणी मंडप घालतो. भाडे सांगतानाच वीज, भांडी आणि सफाई यांचेही पैसे सांगितले, तर कदाचित एखादे गिऱ्हाईक हातचे जाईल. पण कर्ज काढून मुलीचे लग्न करणाऱ्या बापावर अखेरच्या दिवशी बिल पाहून खाली मान घालण्याची पाळी येणार नाही.