अक्षरओळखीच्या आधी

म्हैसूर शहराची जुनी वाटणी मोहल्ल्यांची आहे. आणि लष्कर, मंडी, नझरबाद, कृष्णराज, देवराज ही त्या मोहल्ल्यांची नावे ऐकताना मराठी माणसाला आपण फार दूर आलो आहोत असे वाटत नाही, कारण ज्या फारसी शब्दांनी आमची दफ्तरे भरली त्याच शब्दांनी या कानडी राजधानीचेही कागद भरलेले आहेत. देवराज मोहल्ल्याच्या अंगाने जो मोठा रस्ता उत्तरेस जातो त्यास तर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचेच नाव आहे. फरक इतकाच की तेथे 'य' ला जोड देऊन 'सय्याजीराव' असा थोडा भारदस्त उच्चार करण्याची वहिवाट पडली आहे. मुलांच्या मासिकांच्या मुखपृष्ठांविषयी लिहावयाचे तर पुण्या-मुंबईच्या छापखान्यांपासून आरंभ करणे रिवाजास धरून झाले असते. तो रिवाज मोडून मी या रस्त्यावरून निघालो आहे, याचे कारण असे की मुखपृष्ठाचे मूळ काम, म्हणजे ज्यास अद्याप वाचता येत नाही त्यास थांबविणे, हे येथे छापखान्याच्या बाहेरही उघड्यावर चाललेले दिसते.

देवराज मार्केटात कुंकवाचे व रंगांचे टोकदार ढीग परातींत रचून ठेवलेले असतात, पिवळ्याशेजारी निळा आणि निळ्याशेजारी गुलाबी, आणि त्या रचनेत विक्रेत्याचा हिशेब असतो, केवळ हौस नव्हे. 1948 साली एन. रंगराव यांनी याच शहरात उदबत्त्यांचा जो व्यवसाय सुरू केला त्याच्या पुड्यावर सायकल आली. आणि सायकल ही अशी वस्तू की जिचे चित्र कानडी, तमिळ, मराठी अशा कोणत्याही मुलखात भाषांतरावाचून वाचले जाते. दसऱ्याची स्वारी अंबारीसह राजवाड्यातून निघून बन्नीमंटपाकडे जाते ती याच सय्याजीराव रस्त्याने. आणि त्या मिरवणुकीची जी चित्रे राजवाड्याच्या कल्याणमंडपात 1934 ते 1945 या काळात म्हैसुरी चित्रकारांनी रंगविली, त्यांत हत्ती, घोडे, पलटणी आणि बघे यांची गर्दी अशा बेताने मांडली आहे की लहान मुलाने भिंतीच्या कडेकडेने चालत जावे आणि मिरवणूक आपल्याबरोबर चालते आहे असे त्यास वाटावे.

चित्रकलेचे रीतसर शिक्षणही येथे सरकारी आश्रयाने मिळत असे. चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने सय्याजीराव रस्त्यावर जे तांत्रिक विद्यालय उभे राहिले, त्याची कोनशिला 1906 साली प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, यांच्या हस्ते बसली. त्याच सुमारास राजा रविवर्मा आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत म्हैसूर दरबारासाठी पौराणिक चित्रे काढीत होते. बडोद्याच्या दरबारासाठी त्यांनी असेच काम पूर्वी केले होते, आणि 1894 साली मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या त्यांच्या शिळाछापखान्याने लक्ष्मी-सरस्वतींची चित्रे दरबारातून काढून घरोघरी रवाना केली होती. मुलांच्या मासिकांचे रंगीत मुखपृष्ठ या तसबिरीचेच अपत्य होय, असे माझे मत आहे: एकच प्रसंग, रंगमंचासारखी चौकट, समोरून पडलेला उजेड, आणि पात्रांची मुद्रा इतकी स्पष्ट की कथा ठाऊक नसलेल्यासही कोण रागावले आहे ते कळावे.

आता ज्या मुलाचे नाव या विषयात टाळता येत नाही त्याच्याकडे वळतो. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा जन्म म्हैसुरात 1921 साली झाला. वडील मुख्याध्यापक असल्यामुळे छापील कागदाचा घरी तोटा नव्हता, आणि स्ट्रँड, पंच, बायस्टँडर, वाइड वर्ल्ड, टिट-बिट्स या विलायती नियतकालिकांतील चित्रांत हे मूल वाचावयास शिकण्यापूर्वीच गढून गेले होते. यांपैकी स्ट्रँडच्या मुखपृष्ठाची जी मांडणी बरीच वर्षे प्रसिद्ध होती ती जॉर्ज हेटे या चित्रकाराची: लंडनचा त्याच नावाचा रस्ता, आणि मासिकाच्या शीर्षकाची अक्षरे त्या रस्त्यावरून गेलेल्या तारांना टांगलेली. अक्षर हीदेखील टांगण्याची वस्तू आहे, ही गोष्ट न वाचणाऱ्या मुलाला वाचणाऱ्यापेक्षा आधी समजते. डेव्हिड लो या व्यंगचित्रकाराची सही हे मूल पुष्कळ दिवस 'काऊ', म्हणजे गाय, अशी वाचीत असे. चित्र बरोबर वाचले गेले होते, चुकली ती फक्त अक्षरे.

पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने त्यांचा प्रवेश-अर्ज फेटाळला. मग त्यांनी म्हैसुरातच पदवी घेतली, थोरले बंधू आर. के. नारायण यांच्या कथांना चित्रे दिली, डॉ. एम. शिवराम यांच्या 'कोरवंजी' या कानडी विनोदी मासिकात काम केले, आणि शेवटी मुंबईसच जाऊन ते महाराष्ट्राचे झाले. 1954 साली रंगाच्या डब्यासाठी त्यांनी काढलेला गट्टू, हातात ब्रश असलेला तो व्रात्य पोर, हा माझ्या लेखी मुलांच्या मुखपृष्ठाचाच भाऊबंद आहे. डबा विकत घेणारा बाप; पण दुकानात त्याकडे बोट दाखविणारा मुलगा.

मुखपृष्ठाच्या धंद्यातली खरी मेख येथेच आहे. मुखपृष्ठ हा असा अर्ज आहे की जो गुजरावयाचा मुलाच्या डोळ्यांपुढे आणि मंजूर व्हावयाचा वडिलांच्या खिशात. भडकपणा कमी पडला तर पहिला हाकीम ढुंकून पाहत नाही; जास्त झाला तर दुसरा शेरा मारतो की हे वाचून मुले बिघडतील. वा. गो. आपट्यांनी 1906 साली पुण्यात 'आनंद' मासिक काढले, तेव्हा मुलांसाठी स्वतंत्र मासिक घेणे हीच गोष्ट घरातील कर्त्या पुरुषास पटवून द्यावयाची होती, आणि दुसऱ्या हाकिमाचे वजन अर्थातच अधिक होते.

हे पारडे फिरविले ते मद्रासने. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै 1947 मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत 'चंदामामा' सुरू केला, 1949 साली तो कानडीत आला, आणि 1952 साली 'चांदोबा' होऊन मराठीत. म्हैसुरातले पोर आणि मालवणातले पोर ही दोघे त्यामुळे एकाच चित्रापुढे येऊन बसली. चित्र तेच, मासिकाचे नाव मात्र ज्याच्या त्याच्या लिपीत. एम. टी. व्ही. आचार्य या कन्नडभाषक चित्रकाराने महाभारतावर जी मुखपृष्ठे काढली त्यांतूनच कित्येक मराठी घरांत भीमाची गदा केवढी आणि द्रौपदीचे केस किती लांब हे कायमचे ठरून गेले, आणि पुढे आचार्यांनी बंगळुरातून टपालाने चित्रकला शिकविण्याचा उद्योग केला. वड्डादि पापय्या हे दुसरे मुखपृष्ठकार. त्यांची निळी-जांभळी संध्याकाळ ज्याने एकदा पाहिली त्यास ती सहीवाचून ओळखू येते. विक्रमाच्या खांद्यावरील वेताळ मात्र शंकर या चित्रकाराचा, आणि तो आतल्या पानांचा राजा.

ब्लॉकच्या छपाईत हे काम सोपे नव्हते. मूळ चित्राचे पिवळा, लाल, निळा आणि काळा असे चार ब्लॉक पडत, कागद चार वेळा यंत्राखालून जाई, आणि एखाद्या फेरीत रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग बसण्याची जुळणी, केसभर चुकले की राजकन्येस चार डोळे फुटत. म्हणून जाणता चित्रकार चेहऱ्याची रेषा काळ्यावर सोपवी आणि रंगांना मोकळी, रुंद जागा देई. आज ज्या ठळक काळ्या रेषेला आपण शैली म्हणतो तिच्या पोटी यंत्राविषयीचा हा अविश्वासही आहे. दुसरे बंधन दुकानाचे: मासिके एकावर एक रचून किंवा दोरीला अडकवून ठेवीत, म्हणून नाव वरच्या भागात हवे, आणि नायकाचे मस्तक त्या नावाखाली चेंगरता कामा नये. एकच चित्र निरनिराळ्या लिपींतील लहानमोठ्या नावांना पुरवावयाचे तर आकाश मोठे ठेवणे श्रेयस्कर. 'चांदोबा'च्या मुखपृष्ठांवर पुष्कळदा इतके आकाश का, याचे एक कारण मला हेही वाटते.

मराठीत 1971 साली पाठ्यपुस्तक मंडळाने 'किशोर' काढले. तेव्हा ऑफसेटची छपाई जम बसवीत होती, आणि मुखपृष्ठावर देवादिकांऐवजी शाळकरी मुलेही येऊ लागली. त्यानंतर मुलांच्या गोष्टी डीव्हीडीच्या चकतीवरही आल्या; ती चकती फार थोडा काळ टिकली, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात सांगतो. डीव्हीडीच्या डबीचा कागद 273 मिलिमीटर लांब आणि 183 उंच. त्यात मधला कणा अवघा 14 मिलिमीटरचा. दुकानात डब्या उभ्या लावल्या की दिसे तो एवढा कणाच, आणि शिरोरेषेवर लटकणारी आमची देवनागरी त्यावर आडवी निजवावी लागे. चौदा मिलिमीटरांत भीम मावत नाही. म्हणून या कामात चित्रकाराहून जाहिरातदाराचे चालले, आणि डबीच्या दर्शनी भागावर सगळी पात्रे छायाचित्रासाठी उभी राहिलेल्या वऱ्हाडासारखी दाटली.

'चांदोबा'ची एक प्रथा मला मात्र मुखपृष्ठाहून अधिक आवडे. अंकात दोन छायाचित्रे छापीत आणि त्यांना परस्परांशी जुळणारी नावे द्या असे वाचकांस सांगत. उत्तर पोस्टकार्डावर पाठवावयाचे असे. अंकावर नजर लावून बसलेल्या पोराला मग घरातल्या कोणाकडून तरी कार्डाचे पैसे मागावे लागत, बोरूने नाही तर टाकाने ओळी आखाव्या लागत, आणि मद्रासचा पत्ता शाई न सांडता लिहावा लागे.