बलुते, वतन आणि वेतन : कोल्हापूर संस्थानातील मोबदल्याचे स्थित्यंतर

विनिमयाचे माध्यम, मूल्यमापनाचे साधन, मूल्यसंचय आणि भावी देण्याचे परिमाण ही पैशाची चार कार्ये अर्थशास्त्रात मानली जातात. ही चारही कार्ये एकाच नाण्याने पार पाडावीत, असा मात्र इतिहासाचा दंडक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूर संस्थानातील खेड्यांत सरकारी सारा रुपयांत भरला जाई आणि आठवड्याच्या बाजारातील किरकोळ व्यवहार आणे-पैशांत होत. सुतार, लोहार, परीट, न्हावी इत्यादी बलुतेदारांचा मोबदला मात्र सुगीच्या वेळी खळ्यावर धान्यरूपाने दिला जाई.

बलुत्यात देण्याची फेड होई. परंतु मूल्यमापन होत नसे. वर्षभराचे काम आणि सुगीचा वाटा यांची सांगड रूढीने घातलेली असे. प्रत्येक कामाचा भाव ठरत नसे. महार वतनदारांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाचक ठरली. वतनी जमीन व बलुते यांच्या मोबदल्यात कोणते काम, किती वेळ आणि कुटुंबातील कोणी करावयाचे, याला मर्यादा नव्हती. मोबदला निश्चित नसल्यामुळे सेवाही अमर्याद राहिली.

१८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरी पेठेत गुळाचा व्यापार वाढला आणि रोख व्यवहाराला बळ मिळाले. तथापि, बाजारात रुपया आला एवढ्याने वतन सुटले नाही. त्यासाठी राजाज्ञा लागली. १९१८ मध्ये शाहू छत्रपतींनी कुलकर्णी वतने खालसा करून त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमले. त्याच वर्षी महार वतने रद्द करून त्या जमिनी रयतावा करण्यात आल्या. जमीन धारकाच्या नावे झाली. तिच्यावरचे देणे सेवेऐवजी साऱ्याच्या रूपाने, म्हणजे मोजता येईल अशा रकमेत ठरले.

या स्थित्यंतराची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. १९१८ हे वर्ष अवर्षणाचे व महागाईचे होते. धान्यातील मोबदल्याला भाववाढीची झळ लागत नाही. रोख वेतनाला ती लागते. बलुत्यातील हे संरक्षण खरे होते. पण त्याची किंमत अनिर्बंध सेवेने चुकवावी लागे.

ब्रिटिश मुलखातील वतनांविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात, १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. कनिष्ठ गावकी वतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ मध्ये झाला. तत्पूर्वी, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान त्या राज्यात विलीन झाले होते. कोल्हापुरात ज्याचा आरंभ १९१८ मध्ये झाला, त्याला कायद्याचे व्यापक रूप येण्यास चाळीस वर्षे लागली.

सारांश, पैशाच्या चार कार्यांपैकी खेड्यातील सेवकाच्या दृष्टीने मूल्यमापनाचे कार्य सर्वांत महत्त्वाचे ठरले. श्रमाचे माप ठरले, तेव्हाच त्याला मर्यादा पडली; आणि मर्यादा पडली, तेव्हाच नकार देण्याचा अधिकार संभवनीय झाला.