कोळसा आधी गेला की कामगार?

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नव्हे. युनियनच्या कामातून सवड काढून जे वाचले, तेवढ्याच भांडवलावर बोलतो. कोळशाच्या विजेची गोष्ट ब्रिटनमध्ये सुरू होऊन संपलीही, म्हणून आज तेथलाच हिशेब मांडतो.

१८८२ साली लंडनच्या हॉल्बर्न भागात कोळशावरचे वीजघर सुरू झाले. १९५० च्या सुमारास त्या देशात शंभर युनिटांपैकी नव्वदांहून अधिक युनिटे कोळशाची असत. १ जानेवारी १९४७ रोजी खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, तेव्हा खाणकामगारांस वाटले, आता आपले दिवस आले.

पुढे १९५६ मध्ये काल्डर हॉलचे अणुवीजघर उभे राहिले, मग उत्तर समुद्रातला वायू हाती आला. कोळशाचा वाटा घटू लागला. पण फार सावकाश. खाणी मात्र सावकाश गेल्या नाहीत. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभराचा संप खाणकामगार हरले, आणि पुढल्या दहा वर्षांत बहुतेक खाणींना कुलूप लागले.

आता एक आकडा ध्यानात ठेवा. २०१२ साली ब्रिटनची सुमारे चाळीस टक्के वीज कोळशाचीच होती! पण तो कोळसा बहुतांशी रशिया, कोलंबिया, अमेरिका येथून जहाजाने येत होता. म्हणजे, कोळसा जाण्याआधीच तो काढणारा माणूस गेला. धूर राहिला, रोजगार तेवढा गेला. खाणगावे उजाड झाली, ती हवा शुद्ध व्हावी म्हणून नव्हे. परका कोळसा स्वस्त पडला म्हणून.

कोळशाचा खरा शेवट नंतर झाला. कार्बनवर कर बसला, पवनचक्क्या वाढल्या. २०१५ मध्ये सरकारने कोळशाची वीज बंद करण्याची मुदत जाहीर केली आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफचे शेवटचे वीजघर थांबले. येथे कामगारांस वर्षानुवर्षे आधी ठाऊक होते. युनियनशी बोलणी झाली, नवे काम शिकण्याची सोय झाली. एकाच देशात निरोपाच्या या दोन तऱ्हा!

आपल्या देशात आजही सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशाची आहे. चंद्रपूरच्या खाणींत आणि वीजघरात आपलीच माणसे राबतात. कोळशाचा वाटा उद्या घटेल, घटावाही. प्रश्न एवढाच, त्या माणसांना ते आधी सांगायचे की दाराला कुलूप लावून?