शिंग, वय आणि जीवदान : अमेरिकेतील हरीण-शिकारीत कोवळ्या नराच्या संरक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

शिकारीच्या इतिहासाकडे आपल्याकडे बहुधा संहार किंवा संरक्षण अशा दोनच बाजूंनी पाहिले जाते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' या ग्रंथात मृगयेला राजाच्या विनोदांत स्थान दिले, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातील शिकारीचे पर्वच संपुष्टात आणले. त्यामुळे 'समोर आलेल्या हरणांपैकी कोणते मारावे आणि कोणते सोडावे' हा प्रश्न आपल्या लेखी केवळ ग्रंथांतला उरला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र तो दरवर्षी शरद ऋतूत लक्षावधी सामान्य नागरिकांपुढे उभा राहतो. एखाद्या कोवळ्या नराला जीवदान द्यावे की नाही, हा वरवर वैयक्तिक वाटणारा निर्णय शंभर वर्षांच्या कायद्यांनी, रूढींनी व वादांनी कसा घडविला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात मुख्यतः पेनसिल्व्हेनिया राज्याच्या आधारे घेतला आहे.

शिंगाची साक्ष

येथे ज्या हरणाचा विचार केला आहे ते पांढऱ्या शेपटीचे हरीण होय. काळविटाची शिंगे पोकळ व आजन्म टिकणारी असतात. या हरणाची शिंगे मात्र चितळ-सांबराप्रमाणे भरीव असून दरवर्षी गळतात आणि नव्याने उगवतात. दीड वर्षाच्या नराला शिंगांची पहिली जोडी येते. ती पुष्कळदा बिनफाट्याची, बोटभर जाडीची असते. पुढे पाच-सहा वर्षांपर्यंत शिंगांचा विस्तार वाढत जातो. म्हणून शिंगावरून वयाचा अंदाज बांधता येतो. पण ही साक्ष पूर्णपणे विश्वासार्ह नव्हे. जन्म उशिरा झाला, चारा निकृष्ट मिळाला किंवा आनुवंशिकताच तशी असली, तरी शिंगे खुरटतात. अनुभवी शिकारी शिंगांपेक्षा शरीराकडे अधिक पाहतो. बारीक मान, लांब वाटणारे पाय आणि सपाट पोट ही कोवळेपणाची लक्षणे, तर माजाच्या काळात फुगलेली मान, भरलेली छाती आणि ओघळलेले पोट ही प्रौढ नराची. जनावर मेल्यावर दाढांच्या झिजेवरून वय ठरविण्याची पद्धत सेव्हरिंगहाउस यांनी १९४९ साली मांडली. परंतु गोळी झाडण्यापूर्वी तिचा उपयोग नाही, हे उघडच आहे.

मादीचे रक्षण आणि त्याची किंमत

एकोणिसाव्या शतकात जंगलतोड आणि बाजारासाठी होणारी बेसुमार शिकार यांमुळे ही हरणे अनेक राज्यांतून जवळजवळ नाहीशी झाली. १९०० च्या सुमारास साऱ्या देशात त्यांची संख्या पाच लाखांच्या आत असावी, असा अंदाज केला जातो. पेनसिल्व्हेनियाने १८९५ मध्ये शिकार-आयोग स्थापन केला आणि १९०७ च्या कायद्याने मादीच्या शिकारीस बंदी केली. शिंग दिसेल तोच नर मारावा, हा नियम झाला. परिस्थिती पाहता तो योग्यच होता. तोडलेल्या जंगलांत कोवळी झुडपे माजली होती, लांडगे नामशेष झाले होते आणि माद्या सुरक्षित होत्या. तेव्हा कळप झपाट्याने वाढले. १९२० च्या दशकातच शेती व वनांचे नुकसान होऊ लागले आणि मादीची शिकार काही प्रमाणात खुली करावी लागली.

पण तोवर कायद्याचे रूपांतर नीतीत झाले होते. मादी मारणे हे पुरुषार्थाला न शोभणारे कृत्य, ही भावना एका पिढीने दुसरीला दिली. विस्कॉन्सिन राज्यात १९४३ साली माद्यांची शिकार खुली झाली, तेव्हा लोकांनी तिला 'त्रेचाळीसचा गुन्हा' असे नाव दिले. तिचे समर्थन करणाऱ्या अल्डो लिओपोल्ड यांच्यासारख्या विचारवंतालाही लोकक्षोभ सहन करावा लागला.

या नीतीचा सारा भार कोवळ्या नरांवर पडला. २००२ पूर्वी पेनसिल्व्हेनियात तीन इंच लांबीचे बिनफाट्याचे शिंगही शिकारीस पुरेसे होते. १९६३ पासून हंगामाचा पहिला दिवस थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार असे. अनेक गावांत त्या दिवशी शाळांना सुटी दिली जाई. मारल्या जाणाऱ्या नरांपैकी पाचांतले सुमारे चार अवघ्या दीड वर्षाचे असत. मादीवर दया दाखविणाऱ्या समाजाला आपल्या रानात प्रौढ नर जवळजवळ उरलेला नाही, याचे फारसे वैषम्य वाटत नव्हते. प्रस्तुत लेखकास या इतिहासातील हा सर्वांत बोलका विरोधाभास वाटतो.

संयमाकडून सक्तीकडे

कोवळ्या नराला स्वेच्छेने सोडावे, ही कल्पना टेक्सासात रुजली. अल ब्रदर्स आणि मर्फी रे यांनी १९७५ साली लिहिलेल्या पुस्तकाने तिला शास्त्रीय बैठक दिली. १९८८ मध्ये साउथ कॅरोलायनात जो हॅमिल्टन यांनी त्याच हेतूने संघटना काढली. टेक्सासात हे सोपे होते, कारण तेथे हजारो एकरांची खाजगी कुरणे आहेत. आज सोडलेला नर पुढील वर्षी बहुधा आपल्याच हद्दीत सापडतो. पेनसिल्व्हेनियात लहान शेते आणि सार्वजनिक वने आहेत. तेथे 'मी सोडला तर बांधापलीकडचा मारील' हा विचार प्रत्येकाच्या मनात असतो आणि तो चुकीचाही नसतो. त्यामुळे ज्या संयमाचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडते, तो एकट्यादुकट्याने पाळला जात नाही.

१९९९ मध्ये आयोगाच्या हरीण-विभागाची सूत्रे गॅरी आल्ट यांच्याकडे आली. अस्वलांचे अभ्यासक म्हणून ते राज्यभर लोकप्रिय होते. गावोगावी सभा घेऊन त्यांनी दोन गोष्टी मांडल्या : माद्या अधिक मारा आणि कोवळे नर सोडा. २००२ पासून बहुतांश राज्यात एका शिंगाला किमान तीन फाटे, तर पश्चिम भागात चार फाटे असल्याशिवाय नर मारण्यास मनाई झाली. त्या वर्षी मारलेल्या नरांची संख्या दोन लाखांवरून सुमारे एक लाख पासष्ट हजारांवर आली आणि माद्यांची साडेतीन लाखांपलीकडे गेली. विरोध इतका तीव्र होता की आल्ट सभांना जाताना बंदुकीच्या गोळीपासून रक्षण करणारे चिलखत घालत. विरोधकांचा खरा राग मात्र फाट्यांच्या नियमापेक्षा माद्यांच्या शिकारीवर होता. १९०७ ची नीती अजून जिवंत होती. पुढील दशकांत शिकार झालेल्या नरांमध्ये अडीच वर्षे व त्याहून अधिक वयाच्यांचे प्रमाण निम्म्याच्या वर गेले, हे आल्ट यांच्या धोरणाचे यश मानावे लागेल.

तरीही शिंग मोजणे म्हणजे वय मोजणे नव्हे. मिसिसिपी राज्याने १९९५ मध्ये दोन्ही शिंगांचे मिळून किमान चार फाटे असा नियम केला. परिणाम उलटा झाला. दीड वर्षाच्या नरांपैकी ज्यांची शिंगे जोमदार तेच नियमात बसून मारले गेले, खुरट्या शिंगांचे वाचले आणि काही भागांत पुढील वयाच्या नरांची शिंगे सरासरीने लहान आढळली. २००९ साली त्या राज्याने फाटे सोडून शिंगांमधील अंतर व मुख्य शिंगाची लांबी ही मापे स्वीकारली. टेक्सासाने २००२ मध्ये सहा परगण्यांत तेरा इंच अंतराचा नियम प्रथम आणला. ते अंतर सावध हरणाच्या ताठ कानांच्या टोकांइतके असल्याने दुरूनही ताडता येते. शिवाय त्याच नियमाने बिनफाट्याच्या शिंगाचा नर मारण्यास मुभा दिली. म्हणजे पेनसिल्व्हेनियाने ज्याला अभय दिले, त्यालाच टेक्सासाने वगळले.

पेनसिल्व्हेनियाच्या नियमातही एक पळवाट हेतुपुरस्सर ठेवलेली आहे. अल्पवयीन शिकाऱ्यांना फाट्यांचे बंधन नाही; त्यांच्यासाठी २००२ पूर्वीचीच मर्यादा लागू आहे. त्यामुळे एकाच मचाणावर बसलेल्या बापलेकांसमोर दोन फाट्यांचा तोच नर आला, तर बापाने बंदूक खाली ठेवायची आणि बारा वर्षांच्या लेकाने नेम धरला तरी तो कायद्यात बसतो.